बऱ्यापैकी, अगदी

श्रॉपशरमधलं उतारावरचं गाव.
मेंढ्यांचा बाजार मंगळवारी,
रस्ता धुतात बुधवारी, वास गुरुवारपर्यंत.
तिथे घड्याळदुरुस्तीच्या बंद दुकानावरच्या खोलीत
मी दीड वर्ष भाड्यानं राहिलो.
मालकीण व्हर्ना प्रॉसर, वय एक्याऐंशी, जन्म नेब्रास्काचा.
नवरा एड्विन जाऊन नऊ वर्षं झालेली,
आणि त्याचं बोलणं ती अजून उलगडत बसलेली.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिनं पीचचा पाय केला
(चालायचा नव्हे, खायचा), आईच्या हातचा असायचा तसा,
वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी.
एड्विननं दोन घास खाल्ले, मिशी टिपली,
म्हणाला, "क्वाइट गुड."
तिच्या गावी याचा अर्थ फारच छान.
म्हणून तिनं तो दर रविवारी केला.
तीन वर्षं.
आणि दर रविवारी तो तेच म्हणाला, न चुकता.

मग नणंद एनिड भांडी पुसता पुसता बोलली,
"अगं, क्वाइट गुड म्हणजे चालेल इतपत.
खरंच आवडलं तर आम्ही बोलत नाही,
परत वाढून घेतो."
व्हर्नाच्या हातातली बशी फुटली नाही.
फुटली असती तर बरं झालं असतं, ती म्हणते.
त्या रात्री तिनं ट्रंकेतून त्याची पत्रं काढली
आणि डाळीतले खडे वेचावेत तसा तो शब्द वेचला.
सतरा निघाले.
सतरा वेळा तो तिच्यावर बऱ्यापैकी खूश होता.

मी म्हटलं, आमच्याकडे हे दोघं वेगळे राहतात.
बऱ्यापैकी उंबऱ्याशी उभा, चपला न काढता.
अगदी थेट चुलीपर्यंत येतो.
शिवाय एक पार आहे. पार गेलं, पार संपलं.
त्याच्यापुढे वस्ती नाही.
ती म्हणाली, "तुमच्याकडे जागा फार दिसते.
इथे सगळ्यांना एका खोलीत भागवावं लागतं."

खाली दुकानात त्याच्या वह्या होत्या, कापडी पुठ्ठ्याच्या.
चाक क्वाइट झिजलेलं: म्हणजे अजून दोन वर्षं निघतील.
स्प्रिंग क्वाइट मेलेली: म्हणजे मेलेली.
वाचून वाचून तिनं नियम काढला होता.
ज्याला कमीजास्त होता येतं त्याचा हा शब्द हात आखडतो,
ज्याला येत नाही त्याला तळापर्यंत सोडून येतो.
रिकामं. चुकलेलं. एकटं.
"सुंदर कमीजास्त असतं, मेलेलं नसतं," ती म्हणाली,
आणि काट्यानं ताटलीतला चुरा एका बाजूला ढकलत,
"आवडणं कुठल्या रांगेत?"
बॉयलर कुरकुरला. मी बॉयलरकडे पाहिलं.

शेजारचा बेडोज कुंपणावरून म्हणतो, घाण हवा आहे, मिसेस प्रॉसर.
ती म्हणते, "क्वाइट."
नुसता, पुढेमागे कुणी नाही.
तेव्हा तो फक्त मान हलवतो. इतकं तिला जमलंय.
अंत्यविधीला पाद्री म्हणाला, एड्विन वॉज क्वाइट अ मॅन,
आणि पहिल्या बाकावर, हातमोजे घालून,
ती पुन्हा मोजायला लागली.

शेवटच्या वहीची शेवटची नोंद तिच्याच घड्याळाची.
मिसेस पी. मनगटी. क्वाइट
आणि पुढे कोरा कागद.
दाराची घंटा वाजली असेल, किंवा शाई संपली.
घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं.
ती दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं पाय केला.
कसा झालाय, विचारलं.
मी काही न बोलता बशी पुढे केली.
तिनं बराच वेळ बशीकडे पाहिलं.
"तोही करायचा पुढे," म्हणाली,
"पण तो अन्न टाकणाऱ्यातला नव्हता."